प्लेअर बिघडलेला नाही

ती. आई-बाबा,

सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही परवा फोनवर म्हणालात की सिनेमातल्या माणसांची डोकी पडद्याबाहेर जातात, आता हा डीव्हीडी प्लेअर कुणाला तरी देऊन टाकू. कृपा करून देऊ नका. रिमोटवरचं झूमचं बटण दाबलं गेलंय, एवढंच झालंय. फोनवर एकेक बटण सांगताना तुमचीही धांदल होते आणि माझीही, म्हणून सगळं निवांत लिहून पाठवते. पत्र टीव्हीजवळच ठेवा.

झूमचं बटण एकदा दाबलं की चित्र मोठं होतं, पुन्हा दाबलं की आणखी मोठं. असं दोनदा-तीनदा होऊन ते मूळ आकारावर येतं. काही प्लेअरमध्ये मध्येच निम्म्या किंवा पाव आकाराचं चित्रही येतं. आलं तर घाबरू नका, दाबत राहा. पडद्याच्या कोपऱ्यात ‘झूम ऑफ’ अशी अक्षरं उमटली की थांबायचं. आणि तरीही डोकी कापलेलीच दिसली, तर प्लेअर बंद करून एखादं चॅनल लावून बघा. तिथेही तसंच दिसलं तर झूम टीव्हीच्या रिमोटवरून झालाय. टीव्हीचा झूम वेगळा आणि प्लेअरचा वेगळा, एकाचं बटण दुसऱ्याला लागू पडत नाही.

आई, झूम केल्यावर चेहरे धुरकट दिसतात म्हणून तू चष्म्याचा नंबर वाढल्याची काळजी करत होतीस. हा धुरकटपणा चष्म्याचा नाही. आपल्या डीव्हीडीवरचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं. चित्र दुप्पट केलं की त्यातला जेमतेम एक चतुर्थांश भाग अख्ख्या पडद्यावर ताणला जातो. डिस्कवर जास्तीचे ठिपके नाहीतच, त्यामुळे मधल्या जागा प्लेअर आजूबाजूचे रंग बघून अंदाजाने भरतो. माझं मत विचाराल तर सिनेमाला झूम लावूच नये. दिग्दर्शकाने जेवढं दाखवायचं ठरवलं तेवढं पूर्ण दिसावं. शिवाय बऱ्याच प्लेअरमध्ये झूम केल्यावर खालच्या ओळी, म्हणजे सबटायटल्स, पडद्याबाहेर जातात आणि अलीकडे तुम्हाला त्या ओळी लागतात, हे मला माहीत आहे.

फोटोंसाठी मात्र झूम जरूर वापरा. मी पाठवलेल्या फोटोंच्या डिस्कमध्ये सगळ्या घराचा तो मोठा फोटो आहे ना, त्यात मागच्या रांगेत आत्याच्या खांद्याआडून आजीचा निम्मा चेहरा दिसतो. फोटो आपोआप पुढे सरकत असतात, म्हणून आधी पॉज दाबा. मग झूम एकदाच. आता पडद्यावर फोटोचा फक्त मधला भाग असेल. रिमोटवरच्या चार बाणांपैकी वरचा बाण दाबत राहिलात की फोटो हळूहळू सरकतो आणि मागची रांग दिसू लागते. तिथून डाव्या बाणाने आजीपर्यंत जा. तिचे डोळे आणि कपाळावरची ती खूण नीट दिसते. मी इथे बराच वेळ बघत बसले होते.

आता गाण्यांची डिस्क. बाबा, नेहमीच्या ऑडिओ सीडीत जास्तीत जास्त ८० मिनिटं मावतात. ही एमपी३ डिस्क आहे. यात आवाज दाबून साठवलेला असतो, म्हणून एवढ्याच चकतीवर साधारण पाच तासांचं गाणं बसलंय. आणखी दाबलं असतं तर बारा तासांचंही बसलं असतं, पण मग तानपुऱ्याची आस आणि झांजेचा शेवट पोकळ ऐकू येतो. तुमचा कान ते लगेच पकडेल, म्हणून मी मुद्दाम कमी भरलं.

डिस्क आत गेली की पडद्यावर फोल्डरची यादी येते. वर-खाली बाणाने हवं ते निवडून ओके दाबायचं. प्रत्येक गाण्याच्या नावाआधी मी ०१, ०२ असे आकडे घातलेत, कारण बरेच प्लेअर गाणी नावाच्या क्रमाने लावतात आणि पुढचं शून्य नसेल तर १० नंबर २ च्या आधी वाजतो. शिवाय अशा डिस्कवर दोन ट्रॅकच्या मध्ये क्षणभर शांतता येते. म्हणून ती मोठी मैफल मी न तोडता एकाच ट्रॅकमध्ये ठेवली आहे. विलंबित संपून द्रुत सुरू होतं तिथे खंड पडणार नाही.

आई, तुझ्यासाठी रिपीटचं बटण. एकदा दाबलं की तेच गाणं पुन्हा पुन्हा लागतं, आणखी दाबलं की फोल्डर किंवा सगळी डिस्क फिरत राहते. कधी एकच गाणं सारखं लागायला लागलं तर हेच बटण दाबून रिपीट ऑफ कर. आपला आवाज वेगळ्या स्पीकरमधून येतो, त्यामुळे गाणी सुरू झाल्यावर टीव्ही बंद केलास तरी चालेल.

एक अडचण येऊ शकते. गाणी ऐकू येतात पण सिनेमाला आवाजच नाही, असं झालं तर सेटअपमध्ये ऑडिओखाली डिजिटल आउटपुट शोधा आणि ‘पीसीएम’ निवडा. स्पीकरला सिनेमाचा डॉल्बी आवाज उलगडता येत नसेल, तर पीसीएमवर तो प्लेअरच उलगडून देतो.

डिस्क पुसताना मऊ फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. गोल ओरखडा एकाच ओळीतला बराच मजकूर सलग खातो, आडवा ओरखडा प्लेअर सावरून घेतो. सीडीच्या नावाच्या बाजूवर बॉलपेनने लिहू नका. मजकूर त्याच बाजूला, पातळ थराखाली असतो.

पुढच्या डिस्कमध्ये आईची गाणी भरायची आहेत. आई, यादी बाबांकडून लिहून घे आणि कोणाच्या आवाजातलं हवं तेही सांग. रविवारी सकाळी फोन करते, तेव्हा टीव्हीसमोर बसा, आपण फोटोंची डिस्क एकत्र बघू.

तुमची लेक