ओव्हनचं घड्याळ आणि कोसोव्हो

माननीय संपादक,

स.न.वि.वि.

कोसोव्होसारख्या, सगळ्यांची मान्यता नसलेल्या देशांना आंतरराष्ट्रीय संस्थांत जागा मिळणं हा ‘निव्वळ प्रतिष्ठेचा प्रश्न’ आहे, असं कालच्या लेखात म्हटलं आहे. वाचून राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

२०१८च्या हिवाळ्यात मी व्हिएन्नात राहत होते. ओव्हनचं घड्याळ आठवड्याला जवळपास मिनिटभर मागे पडायला लागलं. उशाशी ठेवलेल्या गजराच्या रेडिओचंही तेच. मी दुर्लक्ष केलं. मार्चच्या सुरुवातीला त्याच गजरावर उठून निघाले आणि गाडी डोळ्यांदेखत सुटली. डॉक्टरांची दोन महिने आधी घेतलेली वेळ गेली ती गेलीच. त्याचा राग अजून आहे.

कारण नंतर कळलं. ही घड्याळं विजेच्या ५० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांच्या वारंवारतेवर चालतात आणि जानेवारीच्या मध्यापासून वारंवारता किंचित कमी पडत होती. सर्बिया आणि त्यापासून वेगळा झालेला कोसोव्हो या भागातून ११३ गिगावॅट-तास, म्हणजे ११ कोटी ३० लाख युनिट वीज युरोपातल्या अनेक देशांना जोडणाऱ्या ग्रिडमध्ये आलीच नव्हती. कोसोव्हो बनवत होता त्याहून जास्त वीज ओढत होता. तूट भरायची सर्बियाने, कारण कागदोपत्री कोसोव्होचं जाळं त्यांच्याच नियंत्रणक्षेत्रात, म्हणजे विजेचा ताळमेळ राखायची जबाबदारी असलेल्या हद्दीत. त्यांनी ती भरली नाही. घड्याळं मागे पडली २५ देशांतली, जवळपास सहा मिनिटांनी! ही कसली प्रतिष्ठा? तूट कोणाच्या खात्यावर लिहायची, एवढाच तो प्रश्न होता.

कोसोव्होच्या पारेषण (वीज वाहून नेणाऱ्या) कंपनीने युरोपातल्या पारेषण कंपन्यांच्या संघटनेशी २०१५ मध्येच करार केला होता. तो सर्बियाशी चाललेल्या वादात अडकून पडला. अखेर डिसेंबर २०२०मध्ये कोसोव्होला स्वतःचं नियंत्रणक्षेत्र मिळालं. बेलग्रेडने, म्हणजे सर्बियाच्या सरकारने, त्याला देश मानलेलं नव्हतं, आजही मानत नाही. तरी काम झालं! दूरध्वनीचा ३८३ हा संकेतांकही असाच मिळाला. तोवर तिथले मोबाइल मोनॅको आणि स्लोव्हेनियाच्या क्रमांकांवर चालत होते.

आणखी एक. ‘युरोपीय संघाने कोसोव्होला मान्यता दिलेली नाही’ हे त्याच लेखातलं वाक्य दिशाभूल करणारं आहे. मान्यता संघ देत नाही, सदस्य देश देतात. २७ पैकी २२ देशांनी ती दिली आहे. स्पेन, ग्रीस, सायप्रस, रुमानिया आणि स्लोव्हाकिया या पाचांनी दिलेली नाही. कृपया दुरुस्ती छापावी, आणि ती आतल्या पानाच्या तळाशी नको.

आपली,
एक नियमित वाचक