बंद वेढा

शुक्रवार पेठ, पुणे
रविवार, रात्री

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझी आई मध्ये मध्ये बोलत होती, त्यामुळे एमआरआयचं नीट सांगायचं राहिलं. कमरेत मणक्यातली गादी सरकलीय, ऑपरेशन नको म्हणालेत, पण पाच एचपीची मोटार उचलायला मनाई आहे. तब्येतीचं एवढंच. बाकीचं पत्र तुझ्या रेडिओग्राफीच्या अभ्यासासाठी, कारण "बाबा, फिजिक्स डोक्यावरून जातं" हे तू तीनदा म्हणालीस.

फॉर्मवर प्रश्न होता : धातूचं काम करता का, डोळ्यात कधी कण गेलाय का? तीस वर्षं ग्राइंडर चालवणारा माणूस काय लिहिणार! मग आधी डोळ्यांचा एक्स-रे काढला. एमआरआय मशीनचं चुंबक १.५ टेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून जास्त. डोळ्यात राहिलेला लोखंडाचा कीस जागचा हलला तर नजरच जायची.

आत झोपलो आणि सवयीने पोटावर हात गुंफले. तुझ्याच वयाची टेक्निशियन पळत आली. "काका, हात सुटे ठेवा. पायावर पायही नको, चटका बसू शकतो." तिने एवढंच सांगितलं, पुढचं मला आपोआप कळलं.

मोटारींची वाइंडिंग तपासायचा दुकानातला ग्राउलर आठवतो ना? चालू केला की सतत बदलतं चुंबकक्षेत्र तयार करणारा. त्यावर आर्मेचर, म्हणजे मोटारीचा तार गुंडाळलेला फिरता भाग, ठेवायचं, स्विच टाकायचा आणि खाचेवर हॅक्सॉचं ब्लेड धरून एकेक खाच फिरवत न्यायची. वाइंडिंग धड असेल तर ब्लेड गप्प. दोन वेढे आतल्या आत टेकले असतील त्या खाचेवर मात्र ते तडतडायला लागतं. तू लहानपणी म्हणायचीस, "मधमाशी सापडली!" बदलत्या चुंबकक्षेत्रात बंद वेढा आला की त्यात करंट फिरणारच आणि तो तापणारच. फॅरेडेला हे १८३१ मध्ये सापडलं. मशीन तर अंगावर रेडिओ लहरी सोडत असतं. त्यात गुंफलेले हात म्हणजे मीच शॉर्ट झालेला वेढा, आणि कातडीला कातडी टेकते तिथे चटका.

कमरेखाली टेबलातच एक कॉइल होती. मी समजत होतो, ती मला काहीतरी देणार. तिचं काम घ्यायचं निघालं. आपल्या अंगातल्या पाण्यात हायड्रोजन आहे, त्याची केंद्रकं या चुंबकात भोवऱ्यासारखी डुलतात, सेकंदाला सुमारे ६ कोटी ४० लाख वेळा. रेडिओ लहरींचा एक धक्का दिला की सगळी एका तालात येतात, आणि त्यांचं इवलंसं चुंबकत्व त्या कॉइलसमोर गरागरा फिरतं. फिरतं चुंबक, शेजारी तारेचे वेढे : अगं, हा सायकलचा डायनॅमो झाला! माझ्या जुन्या सायकलच्या टायरला घासायची ना, ती बाटली. फक्त इथे दिवा लागत नाही, फोटो निघतो.

हा सिग्नल इतका बारीक, की बाहेरचा रेडिओ आत शिरू नये म्हणून खोलीला सगळीकडून तांब्याचा पत्रा मारतात. तांबट आळीत सांगितलं तर म्हणतील, माणूस मावेल एवढा हंडा केला की.

आणि ती ठकठक! कानात बोळे घालूनही दाढा हलत होत्या. मोठ्या चुंबकात आणखी कॉइल असतात, त्यांतला करंट भराभर चालू-बंद होतो आणि दर वेळी तार झटका खाते. वाइंडिंग झाल्यावर आपण वार्निश का पाजतो? तार हलू नये म्हणून. त्यांनीही कॉइल राळेत ओतून घट्ट केलेल्या असतात, तरी एवढा आवाज!

ग्राउलर भंगारात काढणार होतो, तो ठेवलाय. दिवाळीला आलीस की एक जळकं आर्मेचर त्यावर चढव आणि ब्लेड धर. चढवायचं तुलाच, मला मनाई आहे.

तुझा,
बाबा