हवालदारांना शिकवणाऱ्या मॅडमना

मॅडम,

आपली ओळख नाही. तुमचं नावही मला ठाऊक नाही. मानसिक आरोग्य विभागाच्या एक मॅडम आल्या होत्या, मानसिक आजार असलेल्या माणसाशी पोलिसांनी कसं वागायचं याचा दोन दिवस वर्ग घेतला, एवढंच आमच्याकडं आलेल्या हवालदारांनी सांगितलं. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितोय. पोचलं तर बरं.

गेल्या पेरणीत आमचे दादा विहिरीच्या थारोळ्यावर जाऊन उभे राहिले. हातात कोयता. त्यांना बारा वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे, म्हणजे असा मानसिक आजार ज्यात नसलेले आवाजही ऐकू येतात, आणि गोळ्या बंद पडल्या होत्या. (चूक आमचीच. अंबाजोगाईला दवाखान्यात जायचं तर अख्खा दिवस मोडतो आणि वाफसा कुणासाठी थांबत नाही.) वहिनी रडायला लागल्या, भावकी जमली, कुणीतरी मोबाइल काढला. मी ११२ लावला आणि लावल्या लावल्या पस्तावलो. मागे एकदा असाच फोन केला होता, तेव्हा दादांना दोरीनं बांधून नेलं आणि रात्रभर लॉकअपात बसवलं. पुढं वर्षभर खाकी दिसली की दादा उसात शिरायचे.

या वेळी गाडी लांब रस्त्यावरच थांबली. सायरन नाही. दोघं उतरले. एकानं मोबाइलवाल्यांना पार बांधापलीकडं हटवलं. दुसरे, हे हवालदार, काठी गाडीत ठेवून आले आणि पंधरा-वीस हातांवर खुशाल ढेकळांत बसले. "दादा, मी मारायला नाही आलो. लई उकडायलंय, नाही का?"

दादा म्हणाले, विहिरीत माणसं बोलायलीत. आम्ही बारा वर्षं यावर एकच उत्तर देत आलो, कुणी नाही, गप बसा. हवालदार म्हणाले, "मला नाही ऐकू येत. पण तुम्हाला येतंय म्हणल्यावर तरास होतच असंल. काय म्हणायलेत?"

काय म्हणायलेत! हे घरात कुणी कधी विचारलंच नव्हतं.

मधेच आमचे मेव्हणे ओरडले, "अहो, धरा की त्याला!" हवालदारांनी नुसता हात वर केला, नजर दादांवरच. बोलत एकटेच होते. दुसऱ्यानं तोंडातून शब्द काढला नाही. पाऊण तास गेला. मग दादांनी कोयता थारोळ्यात टाकला आणि पाणी मागितलं.

गाडीत बसवण्याआधी कुठं नेतोय, कशासाठी नेतोय, हे दादांना सांगितलं. आम्हाला नाही, दादांना. मी म्हटलं, साहेब, तुमची माणुसकी. तर म्हणाले, "माणुसकी राहू द्या, कायदाच आहे. मॅडमनी पाठ करून घेतलंय." २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, कलम १००. अशा माणसाला संरक्षणात घेतलं तर कारण सांगायचं, २४ तासांच्या आत सरकारी दवाखान्यात तपासणीला न्यायचं, आणि लॉकअपात किंवा तुरुंगात कोणत्याही परिस्थितीत ठेवायचं नाही. म्हणजे दादांची ती रात्र कायद्यातच बसत नव्हती. ते कळल्यावर राग आला, तो अजून आहे.

नंतर मी वाचत बसलो. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात १९८७ मध्ये चाकू हातात घेतलेला एक आजारी तरुण, घरच्यांनीच बोलावलेल्या पोलिसांच्या गोळ्यांनी गेला. पुढच्या वर्षी तिथं पोलिसांची खास पथकं उभी राहिली, ४० तासांच्या प्रशिक्षणाची. आपल्याकडं दोन दिवस, तेही ठाण्यातल्या एकाला. आपल्या त्याच कायद्याच्या कलम ३० मध्ये पोलिसांना असं प्रशिक्षण ठरावीक काळानं द्यायचं म्हटलंय. तुम्हाला परत बोलावलं का हो कुणी? हवालदारांची तर बदली झाली.

दादा आता गोळ्या वेळेवर घेतात. दर महिन्याला अंबाजोगाईला मी नेतो, दिवस मोडला तर मोडला. हे पत्र त्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "कोयता कशाला घेतला व्हता ते नाही लिहिलंस." मी विचारलं, कशाला? "विहिरीतल्यायला भ्या दाखवायला. तुम्हाला नाही."

पुढचा वर्ग घ्याल तेव्हा कळवा, मॅडम. दादा यायला तयार आहेत. पोलिसांपुढं बोलतील म्हणतात, फक्त बसायला खुर्ची दाराजवळ पाहिजे.

तुमचा आभारी,
एक धाकटा भाऊ