जुन्या मालिका एचडीत आणताना त्यांची मूळ चौकट मोडू नये

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गाजलेल्या जुन्या मालिका नव्याने स्वच्छ करून, ‘एचडी रिमास्टर’ असा शिक्का मारून, आधी ब्लू-रे डिस्कवर आणि आता मुख्यतः स्ट्रीमिंगवर येत आहेत. आपल्या दैनिकात नव्या मालिकांची परीक्षणे नियमित येतात. परंतु जुनी मालिका पुन्हा बाजारात आणताना तिच्या चित्रावर नेमके काय केले गेले, याची चिकित्सा क्वचितच वाचायला मिळते. ती व्हावी म्हणून हे पत्र लिहीत आहे. मूळ दिग्दर्शकाने, छायालेखकाने आणि संकलकाने जे टिपले व ठरवले होते ते अधिक स्पष्ट दिसावे, एवढाच एचडी रूपांतराचा हेतू असावा, असे माझे ठाम मत आहे. आजच्या रुंद टीव्हीचा पडदा काठोकाठ भरावा, हा तो हेतू असू शकत नाही.

मालिका मुळात फिल्मवर चित्रित झाली की व्हिडिओ टेपवर, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हमध्ये एचडी चित्राच्या १०८० आडव्या रेषांपेक्षाही जास्त तपशील साठवलेला असतो. टेपचे तसे नाही. अमेरिकी पद्धतीच्या टेपवर चित्राच्या साधारण ४८० रेषा असतात, तर भारत आणि ब्रिटनमध्ये वापरल्या गेलेल्या पद्धतीत ५७६. त्यापलीकडचा तपशील टेपवर कधी उमटलेलाच नसतो. १९५१ साली सुरू झालेली ‘आय लव्ह ल्युसी’ आज एचडीत स्वच्छ दिसते, कारण ती ३५ मिलिमीटर फिल्मवर तीन कॅमेऱ्यांनी चित्रित झाली होती. तिच्यानंतर कित्येक वर्षांनी आलेल्या अनेक मालिका मात्र टेपवर असल्यामुळे तशा दिसू शकत नाहीत. ‘द ट्वायलाइट झोन’ या एकाच मालिकेत हा फरक शेजारी शेजारी पाहायला मिळतो. खर्च वाचवण्यासाठी तिच्या दुसऱ्या पर्वातील ६ भाग टेपवर मुद्रित केले गेले, आणि ब्लू-रेवर बाकीचे भाग झळाळून उठले तरी हे ६ भाग जुन्याच मर्यादेत राहिले.

या दोन्हींच्या मधली अवस्था सर्वांत अवघड असते, आणि ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ हे तिचे उत्तम उदाहरण आहे. १९८७ ते १९९४ या काळातील या मालिकेचे चित्रीकरण ३५ मिलिमीटर फिल्मवर झाले, पण वेळ आणि पैसा वाचावा म्हणून संकलन आणि स्पेशल इफेक्ट्सची जुळणी टेपवर करण्यात आली. त्यामुळे पूर्ण झालेला भाग फिल्मवर कधी अस्तित्वातच नव्हता. जे प्रक्षेपित झाले ते ४८० रेषांच्या टेपवरच होते. एचडी आवृत्ती करायची तर साठवणीतून मूळ निगेटिव्ह बाहेर काढायचे, त्यातला वापरलेला प्रत्येक शॉट शोधायचा, तो स्कॅन करायचा आणि जुन्या संकलनाबरहुकूम सगळे भाग पहिल्यापासून पुन्हा जुळवायचे, एवढा एकच मार्ग होता. मालिकेचे हक्क असलेल्या सीबीएस कंपनीने तो पत्करला. अंतराळयानाच्या छोट्या प्रतिकृतींचे चित्रीकरण फिल्मवर वेगवेगळ्या फेऱ्यांमध्ये झाले होते; त्या फेऱ्या पुन्हा एकमेकांवर बसवण्यात आल्या. शस्त्रांचे झोत किंवा माणसे अदृश्य होतानाची चमक यांसारख्या गोष्टी मुळात टेपवरच तयार झाल्या होत्या, त्या मूळ चित्र समोर ठेवून नव्याने घडवण्यात आल्या. मूळ मालिकेच्या कलाविभागात काम केलेले मायकेल ओकुडा आणि त्यांच्या पत्नी डेनिस ओकुडा या कामाचे सल्लागार होते. पहिले पर्व जुलै २०१२ मध्ये आणि शेवटचे डिसेंबर २०१४ मध्ये ब्लू-रेवर आले.

या संपूर्ण खटाटोपात सीबीएसने मालिकेची ४:३ (रुंदी ४, उंची ३) ही जवळजवळ चौरस चौकट जशीच्या तशी ठेवली, याचे मला विशेष महत्त्व वाटते. निगेटिव्हच्या कडेला थोडे जास्तीचे चित्र होते, पण तिथे दिवे, सेटची टोके आणि उभे असलेले तंत्रज्ञ होते, आणि इफेक्ट्सची दृश्ये तर ४:३ धरूनच रचलेली होती. रुंद पडद्याच्या मोहात न पडता डावी-उजवीकडे काळे पट्टे ठेवण्याचा निर्णय त्यांनी घेतला. त्याआधी, २००६ पासून, १९६६ सालच्या मूळ ‘स्टार ट्रेक’मधील इफेक्ट्सच्या जागी संगणकावर तयार केलेली नवी दृश्ये घालण्यात आली होती. मला ती बदललेली दृश्ये रुचत नाहीत, परंतु ब्लू-रे काढताना कंपनीने एक चांगली गोष्ट केली: त्याच डिस्कवर जुने इफेक्ट्स आणि नवे इफेक्ट्स अशा दोन्ही आवृत्त्या दिल्या आणि निवड प्रेक्षकावर सोपवली.

आता याच्या उलट उदाहरण पाहावे. २०१४ साली ‘बफी द व्हॅम्पायर स्लेअर’ ही मालिका अमेरिकेत रुंद चौकटीत एचडीमध्ये दाखवली जाऊ लागली. चौकट बाजूंना उघडल्यामुळे काही दृश्यांत तंत्रज्ञ आणि उपकरणे दिसू लागली. त्याहून मोठे नुकसान रंगांचे झाले. उजेडात चित्रित करून नंतर निळसर-काळोखे केलेले रात्रीचे प्रसंग, तो संस्कार पुन्हा न केल्यामुळे, भर दिवसाचे वाटू लागले. आणि ही मालिका तर सूर्यप्रकाशात भस्म होणाऱ्या पिशाचांची आहे. शिवाय फिल्मचे बारीक कण पुसण्याच्या नादात चेहरे मेणासारखे गुळगुळीत झाले. फिल्मचा कण हा दोष नव्हे, चित्र त्याच कणांनी बनलेले असते. निगेटिव्ह म्हणजे तयार मालिका नव्हे, हेही यातून ध्यानात यावे. चित्रीकरणानंतर रंग, अंधार आणि काटछाट यांबाबत घेतलेले निर्णय निगेटिव्हवर लिहिलेले नसतात. ते जुन्या प्रक्षेपित प्रतीवरून अभ्यासावे लागतात आणि पुन्हा अमलात आणावे लागतात. जे ते करत नाहीत त्यांनी स्कॅनिंग केलेले असते, रिमास्टरिंग केलेले नसते.

चौकट वरून-खालून कापण्याचा प्रकार तर याहून सर्रास चालतो. ४:३ चित्र आजच्या टीव्हीच्या १६:९ अशा रुंद पडद्यावर भरण्यासाठी उंची छाटली, की चित्राचा बरोबर चौथा हिस्सा नाहीसा होतो. २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘साइनफेल्ड’मध्ये, रस्त्यातल्या खड्ड्यावरच बेतलेल्या एका भागात, तो खड्डाच चौकटीबाहेर गेल्याचे प्रेक्षकांनी दाखवून दिले. ‘द सिम्पसन्स’मध्ये बिअरच्या कारखान्यातल्या निरनिराळ्या नावांच्या टाक्यांना वरून एकाच नळीने तीच बिअर पुरवली जाते असा एक विनोद आहे, डिस्ने प्लसवर २०१९ मध्ये चौकट कापल्यामुळे ती नळी दिसेना आणि विनोदच हरवला. प्रेक्षकांनी तक्रारी केल्या, आणि मे २०२० मध्ये त्या कंपनीने मूळ ४:३ चौकटीचा पर्याय उपलब्ध करून दिला. म्हणजे हे करणे शक्य असते, फक्त कोणीतरी मागावे लागते.

‘द वायर’चे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे आणि ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ही मालिका जाणीवपूर्वक ४:३ मध्ये रचलेली होती. २०१४ मध्ये एचबीओने तिची रुंद एचडी आवृत्ती केली, तेव्हा निर्माते डेव्हिड सायमन यांनी त्या कामात सहभाग घेतला आणि त्याविषयी सविस्तर लिहिलेही. रुंद चौकटीत काही दृश्ये खुलतात आणि काहींची मूळ ताकद कमी होते, असे त्यांनी स्वतःच नोंदवले. निर्माता हयात असून कामात लक्ष घालत असेल, तर नव्या आवृत्तीला मी विरोध करणार नाही. मात्र तशा वेळीही जुनी आवृत्ती बाजारातून नाहीशी होता कामा नये, कारण दोन आवृत्त्यांची तुलना करण्याचा हक्क पुढच्या अभ्यासकाला आहे. डिस्कचे महत्त्व मला इथे वाटते. स्ट्रीमिंगवरची फाइल एका रात्रीत बदलता येते आणि ग्राहकाला त्याचा पत्ता लागत नाही. घरातल्या कपाटातली डिस्क कोणी बदलू शकत नाही.

खर्चाचा प्रश्न खरा आहे, हे मी नाकारत नाही. ‘नेक्स्ट जनरेशन’वर एवढे कष्ट घेतले गेले तेव्हा डिस्कचा बाजार उतरणीला लागला होता, आणि त्याच पद्धतीने तयार झालेल्या ‘डीप स्पेस नाइन’ व ‘व्हॉयेजर’ या पुढच्या दोन मालिका अजूनही एचडीत आलेल्या नाहीत. परंतु खर्च परवडत नसेल तर काम करू नये, किंवा अर्धे करून तसे सांगावे. ‘बॅबिलॉन ५’ या अंतराळमालिकेच्या बाबतीत नटांची दृश्ये फिल्मवरून नव्याने स्कॅन झाली आणि संगणकावर तयार केलेली अंतराळातली दृश्ये जुन्या प्रतीवरूनच मोठी करण्यात आली. दोहोंतला फरक डोळ्यांना जाणवतो. तरी चौकट ४:३ राहिली आणि नसलेला तपशील असल्याचा आव कोणी आणला नाही, म्हणून ते काम मला मान्य आहे.

टेपवरच्या कार्यक्रमांबाबत ब्रिटनमधून शिकण्यासारखे बरेच आहे. बीबीसीने १९६० आणि १९७० च्या दशकांत असंख्य टेप पुसून पुन्हा वापरल्या, हे दुःखद सत्य सर्वज्ञात आहे. तिची ‘डॉक्टर हू’ ही मालिका त्या काळी बहुतांशी स्टुडिओत टेपवर होत असे. १९७० साली संपामुळे स्टुडिओ मिळाला नाही म्हणून ‘स्पियरहेड फ्रॉम स्पेस’ ही कथा संपूर्णपणे १६ मिलिमीटर फिल्मवर करावी लागली, आणि नेमक्या त्याच कारणाने २०१३ मध्ये ती खऱ्याखुऱ्या एचडीत ब्लू-रेवर येऊ शकली. ‘डॅड्स आर्मी’ या बीबीसीच्याच विनोदी मालिकेच्या एका हरवलेल्या रंगीत भागाची केवळ कृष्णधवल फिल्म उरली होती. मूळ प्रक्षेपणातील रंगाच्या विद्युत संकेताने त्या फिल्मवर बारीक ठिपक्यांची जाळी मागे ठेवली होती. अभ्यासकांनी ती संगणकाने वाचली आणि तिच्यावरून मूळ रंग परत मिळवले. २००८ मध्ये तो भाग रंगीत दाखवला गेला. हे तंत्रज्ञान मला अत्यंत आदरणीय वाटते, कारण त्याने दडलेली माहिती शोधून काढली. आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे ५७६ रेषांच्या चित्राचे ‘फोर-के’ (एचडीहूनही अधिक तपशिलाचे) केले जाते, तेव्हा घडते ते वेगळे. यंत्र इतर हजारो चेहरे पाहून एखाद्या नटाच्या गालावरची सुरकुती कशी असावी याचा अंदाज करते आणि तो अंदाज चित्रात भरते. फलकावरची अक्षरे त्यात वाचता न येणाऱ्या आकृत्या होऊन बसतात. नटाचा चेहरा हा दस्तऐवज आहे आणि त्यात अंदाजाला जागा नाही.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. दूरदर्शनसाठी सत्यजित राय यांनी केलेला ‘सद्गती’ आणि गोविंद निहलानी यांची ‘तमस’ ही फिल्मवर चित्रित झालेली कामे आहेत. ‘तमस’चे छायाचित्रण व्ही. के. मूर्ती यांचे होते. गुरुदत्तांच्या चित्रपटांत अंधाराला अर्थ देणाऱ्या या छायालेखकाच्या रात्री एखाद्या घाईच्या स्कॅनिंगमध्ये उजळून टाकल्या, तर ते त्यांच्या कामाचे विरूपण ठरेल. दुसरीकडे, २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शन केंद्राच्या स्टुडिओत टेपवर मुद्रित झालेले जे मराठी कार्यक्रम शिल्लक आहेत, त्यांची मर्यादा ५७६ रेषांचीच राहणार आहे. त्यांना एचडी म्हणवण्याचा अट्टहास कोणी करू नये. टेप आणखी झिजण्याआधी चांगल्या यंत्रावरून तिची उत्तम प्रत काढणे आणि ती कोणताही संस्कार न करता जपणे, हे अधिक निकडीचे आहे. यूट्यूबवर जुन्या मराठी व हिंदी मालिका आडव्या ताणून, माणसे जाडी करून, किंवा डोकी कापून टाकलेल्या आपण सर्वच पाहतो. पुढच्या पिढीच्या हाती तीच प्रत एकमेव म्हणून पडू नये. फिल्म जतनाचे ज्ञान आपल्या राज्यात नाही असेही नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जुन्या चित्रपटांच्या स्कॅनिंगचे मोठे काम झाले आहे, आणि दूरचित्रवाणीसाठी फिल्मवर झालेल्या कामांनाही त्या अनुभवाचा लाभ मिळू शकतो.

हक्कधारकांकडे माझी मागणी अवघड नाही. जुन्या मालिकेच्या प्रत्येक नव्या आवृत्तीसोबत, डिस्कच्या वेष्टनावर किंवा स्ट्रीमिंगच्या माहितीत, तीन गोष्टी छापाव्यात: चित्र निगेटिव्हवरून घेतले की टेपवरून, मूळ चौकट कोणती होती आणि आता कोणती आहे, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर झाला आहे काय. चौकट बदललीच असेल तर मूळ चौकटीचा पर्यायही द्यावा. आपल्या परीक्षकांनाही विनंती आहे, की पुन्हा प्रकाशित झालेल्या मालिकेविषयी लिहिताना त्यांनी शक्य असेल तिथे जुनी डिस्क किंवा जुने मुद्रण शेजारी लावून पाहावे आणि आढळलेला फरक वाचकांना सांगावा.

कळावे,
आपला नम्र,
एक नियमित वाचक, पुणे