काशीत उतरायचं कुठे?

पुणे,
१४ सप्टेंबर

प्रिय मन्या,

तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं. दिवाळीच्या सुट्टीत काशीला जायचं आपण शाळेत असल्यापासून बोलतोय, आणि आता भाच्याला घेऊन तू खरंच निघालास! पाच रात्रींसाठी स्वस्तातलं हॉस्टेल सुचव म्हणतोस. नाव सांगत नाही. मी राहून आलो त्याला दोन वर्षं झाली, आणि या जागांचे चालवणारे बदलले की एका हंगामात सगळी रया बदलते. पण जागा पारखायची कशी, ते मात्र सांगतो.

मी पहिल्यांदा फक्त भाडं बघितलं होतं. कॅन्ट स्टेशनजवळ डॉर्ममधला, म्हणजे अनेकांच्या सामायिक खोलीतला, एक बेड, रात्रीचे साडेतीनशे रुपये. तिथून घाट चार-पाच किलोमीटरवर. रोज दोनदा ई-रिक्षा, गर्दीत अडकणं, आणि संध्याकाळची आरती संपली की परतायची घाई. तेही चाललं असतं. पण पहाटे चारला उठून खाली आलो तर शटरला आतून कुलूप, आणि किल्ली ज्याच्याकडे तो मुलगा कुठे झोपलाय ते कुणालाच माहीत नाही. सलग दोन दिवस हेच. सूर्य वर आल्यावर घाटावर पोचलो तेव्हा नावा अर्धी फेरी मारून परतत होत्या. मन्या, मला तेव्हा रडू यायचं बाकी होतं. एवढ्या लांब कशासाठी आलो होतो मी?

तिसऱ्या दिवशी सामान उचललं आणि ब्रह्माघाटाच्या मागच्या गल्लीत एका जुन्या घरात गेलो. बेडचे सहाशे. जिना इतका उभा आणि अरुंद की सॅक आधी वर सरकवायची आणि मग आपण चढायचं. पण दारातून निघालं की पाच मिनिटांत पाणी. ब्रह्माघाट, दुर्गाघाट हा जुना मराठी वस्तीचा भाग. शेजारीच पंचगंगा घाट. तिथे दगडी दीपस्तंभ आहे, अहिल्याबाईंनी उभारल्याचं सांगतात. त्याच्या पायथ्याशी मी तीन पहाटे बसलो. समोरच्या वाळूवर आधी राखाडी, मग तांबूस उजेड, पायरीवर कपडे आपटल्याचा आवाज, एक म्हातारे गृहस्थ पाण्यात उभे राहून अर्घ्य देताहेत. रात्री जेवून पुन्हा तिथेच. वरचे अडीचशे रुपये मी या दोन वेळांसाठी मोजले आणि पै न् पै वसूल झाली. म्हणून तुला पहिलं सांगणं हेच: भाडं नंतर बघ, आधी घाट किती पावलांवर आहे ते विचार. ‘घाटाजवळ’ एवढ्यावर भागवू नकोस. कुठला घाट, ते नाव घेऊन विचार आणि नकाशावर बघ.

अस्सी घाटाची बाजू सोपी आहे. रिक्षा जवळपास पोचते, हॉस्टेलंही भरपूर, पहाटे घाटावर २०१४ पासून ‘सुबह-ए-बनारस’ची आरती आणि गाणं असतं. राणी लक्ष्मीबाईंचा जन्म झाला ती भदैनी तिथून चालत. पण तू इतिहास शिकवणारा माणूस. शिंदे, भोसले, अहिल्या या घाटांवरून रोज पायी जायचं तर ब्रह्माघाटच घे. फक्त चाकांची बॅग नेऊ नकोस. रिक्षा मैदागिन चौकापाशी सोडते, पुढे गल्ल्या, पायऱ्या आणि वाटेत ठाण मांडून बसलेल्या गायी.

भाचा सोळाचा आहे ना? मग डॉर्मचा विचार सोड. अठराच्या आतल्यांना बहुतेक ठिकाणी डॉर्ममध्ये घेत नाहीत, आणि हे तिथे पोचल्यावर कळलं तर फजिती. हॉस्टेलातच दोन बेडची वेगळी खोली माग. दोघांची आधारकार्डं जवळ ठेव.

बुक करण्याआधी फोन कर, नुसत्या फोटोंवर जाऊ नकोस. गंगेचा तो फोटो गच्चीवरून काढलेला असतो, खोलीची खिडकी गल्लीत उघडते. पहाटे चारला दार कोण उघडणार, हे स्पष्ट विचार. गच्चीवर रात्री गाणी किती वाजेपर्यंत चालतात, तेही. माकडं फार आहेत, तेव्हा गच्चीला जाळी नसेल तर वाळत घातलेला टॉवेल गेलाच समज. राहून गेलेल्यांनी लिहिलेलं वाचशील तेव्हा गेल्या महिन्या-दोन महिन्यांतलं वाच, आणि त्यांनी टाकलेले न्हाणीघराचे फोटो बघ. गाडी सकाळी लवकर पोचली, तरी खोली दुपारीच मिळते. तोवर सामान ठेवून आंघोळ करू देतील का, हे आधी ठरव. सगळे पैसे आगाऊ भरू नकोस.

काशीतली देवदिवाळी, घाटांवर दिवे लावतात ती, कार्तिकी पौर्णिमेला. तेव्हा भाडी कैक पटींनी चढतात. तुझी सुट्टी त्याआधीच संपतेय. दिवे हुकतील, याचं मला तुझ्यासाठी वाईट वाटतं, पण जागा मात्र परवडेल. पुराचा गाळ तोवर बऱ्यापैकी धुतलेला असतो आणि घाटाघाटानं चालत जाता येतं.

माझी पाठीवरची सॅक आणि लॉकरचं छोटं कुलूप काढून ठेवलंय. पुण्याला गाडी धरायला येशील तेव्हा घरी जेवूनच पुढे जा. आईनं तुला एक काम सांगितलंय: गंगेचा गडू आण, तांब्याचा, तोंड बंद केलेला. प्लास्टिकच्या बाटलीतलं नको म्हणते.

तुझा,
बाळ्या