नावं नोंदवली आहेत

ती. आई-बाबा,
सा. न.

महासाथीच्या फ्लूच्या लशीसाठी तुम्हा दोघांची नावं मी नोंदवून टाकली आहेत. आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बाबा ‘बघू’ म्हणाले असते. रागावू नका.

बाबा, ‘घाईघाईत केलेली लस’ ही तुमची धास्ती खोटी नाही. १९७६ साली अमेरिकेत स्वाइन फ्लूची लस दिली, तेव्हा साधारण लाखात एकाला गिया-बारे हा हातापायांतलं बळ घालवणारा मज्जातंतूंचा आजार जडला आणि मोहीम थांबवावी लागली. २००९च्या लशींत तेच प्रमाण दहा लाखांत एखाद-दुसरं होतं. अशा लशीत विषाणू नवा असतो, रीत मात्र दर वर्षीच्या फ्लूच्या लशीचीच: कोंबडीच्या अंड्यात तो वाढवायचा, मारायचा, शुद्ध करायचा. मेलेल्या विषाणूने फ्लू होत नाही. या सगळ्याला पाच-सहा महिने लागतात, म्हणून सुरुवातीला माल कमी येतो आणि आरोग्य कर्मचारी, गरोदर बायका यांना आधी मिळतो. तुमचा नंबर मागे लागला तर डावललं असं मनात आणू नका.

आता नीट ऐका. त्या दिवशी अंगात ताप असेल तर जाऊ नका, पुढची तारीख घेऊ. पूर्वी कुठल्या लशीने त्रास झाला असेल तर टोचण्याआधी सांगा. बाबा, रक्त पातळ करायची गोळी स्वतःहून बंद करायची नाही, पण नर्सला सांगायची; सुई काढल्यावर दोन मिनिटं घट्ट दाबून धरा, चोळू नका. लस २ ते ८ अंशांत ठेवलेली हवी. एकदा गोठली की ती निकामी होते, मग वितळवून उपयोग नाही. हे विचारायला संकोच कसला? लशीचं नाव, बॅच नंबर लिहून घ्या. नंतर पंधरा मिनिटं तिथेच बसा.

आई, तू उभ्याने टोचून घेऊ नकोस, घेरी येते तुला. दंड एक-दोन दिवस दुखेल, कणकण वाटेल. पॅरासिटामॉल तेव्हा घे, आधीपासून नको. पायांतलं बळ गेल्यासारखं वाटलं तर मात्र, आठवड्यांनी का होईना, त्याच दिवशी डॉक्टरांकडे. आणि लस लागू पडायला दोन आठवडे लागतात, तोवर गर्दीत मास्क काढायचा नाही.

मी रजा टाकली आहे. बाबांची पाठीची उशी, पाण्याची बाटली, औषधांची यादी मी घेऊन येते. लहानपणी सुईच्या वेळी तू माझे डोळे झाकायचीस ना, या वेळी तुझे मी झाकेन.

तुमची,
छोटी