बाबा, आईची बादली आईला उचलू द्या

बेंगळुरू
नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की नेमकी कुकरची शिट्टी होते, नाहीतर बाबा "हो हो, बघतो" म्हणून गुंडाळतात. म्हणून सरळ लिहायला बसले. बाबा, चष्मा लावून वाचा आणि आईला वाचून दाखवताना मधला मजकूर गाळू नका. बराचसा तुमच्यासाठीच आहे.

आधी चांगलं बोलते. जुलैत आईचं वजन उतरवायचं ऑपरेशन झालं तेव्हा काटा १०४ वर होता, आता ८४. साखरेच्या तीन गोळ्यांची एक झाली, बीपीची अर्ध्यावर आली. रात्रीचं घोरणं इतकं कमी झालंय की बाबांना म्हणे मध्येच जाग येते आणि आई श्वास घेतेय ना ते बघावं लागतं! गुडघ्यांचा एक हिशोब तर मला फारच आवडला. अंगावरचा एक किलो उतरला की चालताना पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. म्हणजे आईच्या प्रत्येक पावलाला गुडघा ऐंशी किलो कमी सोसतोय. शेजारच्या काकू "किती उतरलीस गं, आजारी आहेस का?" म्हणतात तेव्हा त्यांना हा हिशोब ऐकव.

आता दिवाळीत जे पाहिलं ते.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी आई सोफ्यावरून उठत होती. एक हात सोफ्याच्या दांड्यावर, दुसरा गुडघ्यावर. पुढे झुकली, जरा उचलली गेली आणि परत बसली. दुसऱ्यांदा दम भरून उठणार, तोवर बाबांचा हात पुढे आलेला. तिने तो धरला आणि उठली. दोघांच्याही चेहऱ्यावर काहीच नाही, म्हणजे हे रोजचंच झालंय. मे महिन्यात, वीस किलो जास्त असताना, हीच बाई एका झटक्यात उठून दार उघडायला जायची.

मग बाकीचंही दिसायला लागलं. ओल्या कपड्यांची बादली गच्चीवर बाबा नेतात. भाजी बाबा आणतात. माळ्यावरचे डबे बाबा काढतात. पाण्याची बाटली तिच्या हातात आणून देतात, टीव्हीचा रिमोटसुद्धा. पूजेसाठी खुर्ची आलीय, त्यामुळे आई जमिनीवर बसलेली मी चार दिवसांत एकदाही पाहिली नाही. आपल्या घरात कोथिंबीर निवडायचीसुद्धा पेपर पसरून खालीच.

बाबा, तुम्हाला धास्ती वाटते ते मला माहीत आहे. ऑपरेशनच्याच संध्याकाळी नर्सने आईला सलाईनच्या स्टँडसकट कॉरिडॉरमध्ये चालवलं तेव्हा तुम्ही तिच्याशी भांडला होतात, "अहो, आत्ताच तर आणलंय बाहेर!" ती बिचारी बरोबर होती. पडून राहिलं की पायांतलं रक्त साकळतं, त्याची गुठळी फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. म्हणून त्याच दिवशी उठवतात. पुढचे सहा आठवडे जड उचलू नको म्हणाले ते वेगळ्या कारणासाठी. दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी पोटावर पाडलेली भोकं बाहेरून लवकर बुजतात, आतले थर जुळायला वेळ लागतो, तेवढ्यात जोर पडला तर हर्निया होऊ शकतो. ते सहा आठवडे ऑगस्टअखेर संपले. सप्टेंबरच्या तपासणीत सर्जन तुमच्यासमोर म्हणाले की आता सगळी कामं करू दे. तुम्ही मात्र अजून जुलैतच आहात.

आता खरा मुद्दा. वीस किलो उतरले ती सगळी चरबी नव्हती. अशा ऑपरेशननंतर जे वजन जातं त्यातला साधारण चौथा-पाचवा हिस्सा चरबीखेरीजचा असतो, आणि त्यात स्नायूही असतात. जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढलाय, खाणं वाटीभर, मग शरीर मांड्या-दंडांतलं साठवलेलं मोडून खातं. त्यात साठीनंतर स्नायू तसेही आपणहून झिजतात. आणि आपण काय केलं, तर जी थोडीफार कामं त्या स्नायूंना जागं ठेवत होती तीही काढून घेतली. काट्यावर हे दिसत नाही, सोफ्यावर दिसतं.

म्हणून आई, "मी रोज चालते की" एवढं पुरत नाही. चाल, जरूर चाल, पण चालण्याने उठण्या-बसण्याची, उचलण्याची ताकद फारशी येत नाही. आणि वजनाचं म्हणशील, तर ते सध्या ऑपरेशनने आणि कमी खाण्याने उतरतंय, चालण्याचा त्यातला वाटा लहान आहे. चालण्या-व्यायामाची खरी गरज पुढे लागेल, वर्ष-दीड वर्षाने, जेव्हा उतरणं थांबतं आणि वजन हळूच परत यायला बघतं. हालचाल ठेवणाऱ्यांना ते धरून ठेवणं सोपं जातं. तेव्हा मध्येच तीन आठवडे काटा हलला नाही म्हणून रडायचं नाही. आठवड्यातून एकदाच काट्यावर उभी राहा. रोज सकाळी ओट्याआधी काट्याचं दर्शन घ्यायची गरज नाही.

साठी-पासष्टीच्या माणसांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं बऱ्यापैकी जोराने चालावं आणि शिवाय निदान दोन दिवस ताकदीचे व्यायाम करावेत, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत आहे. पासष्टीपुढे तोल सांभाळायचे व्यायामही सांगितलेत, म्हणजे बाबा, तुम्हीही आलात यात. तुमच्या मनगटावरचं ते घड्याळ रोज दहा हजार पावलं मागतं, त्याचं फार मनावर घेऊ नका. तो आकडा कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही, १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पेडोमीटरच्या जाहिरातीतून आलाय. आईला घड्याळ दाखवून "अजून चार हजार राहिली" म्हणून पळवत होतात, ते बंद. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे.

थंडीचं म्हणते आहे आई, ते खोटं नाही. चरबी उतरली आणि खाणं कमी झालं की पूर्वीपेक्षा जास्त थंडी वाजते, आणि नाशिकची थंडी म्हणजे काय ते मी बेंगळुरूत बसून आठवते. मग पहाटे साडेपाचला जायचा हट्ट कशाला? आठनंतर ऊन आल्यावर जा. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते जागोजाग उखडलेत, तेव्हा रस्त्याने नको, इंदिरानगरचा जॉगिंग ट्रॅक जवळ आहे. कंटाळा आला तर एखाद्या रविवारी कृषीनगर नाहीतर गोल्फ क्लबच्या मैदानावर. निघण्यापूर्वी थोडं काहीतरी पोटात हवं. साखरेची एक गोळी अजून चालू आहे. हातपाय थरथरले, घाम सुटला, तर आधी साखर तपासायची, कमी असली तर ग्लुकोज घ्यायचं, आणि असं परत झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. गोळी कमी करायची वेळ आलेली असू शकते. पाणी घरी आल्यावर घटाघटा पिता येणार नाही, तेवढी जागाच नाही आत. बाटली सोबत ठेव आणि अर्ध्या वाटेपासून घोट-घोट घे. दिवाळीत तुला उठताना चक्कर आली होती, त्यात पाणी कमी पडण्याचा हात असावा असं मला वाटतं.

आता ताकदीचं. जिम-बिम नको, जेवणाच्या टेबलाची खुर्ची पुरे, हात नसलेली. ती भिंतीला टेकवायची, हात छातीवर घडी घालून तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता-बसता येतं ते मोजायचं. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला बारापेक्षा कमी आली तर पायांत ताकद कमी आहे असं धरतात. पासष्ट ते एकोणसत्तरच्या पुरुषालाही तोच बाराचा आकडा. म्हणजे तुम्हा दोघांची रेषा एकच, आणि बाबा, आईचं मोजून झालं की तुम्हीही बसायचंय खुर्चीत. आईला सुरुवातीला हात न लावता जमणार नाही कदाचित. मग खुर्चीवर एक जाडसर उशी ठेवा, उंची वाढली की सोपं जातं. पंधरा दिवसांनी उशी काढा. रोज सकाळ-संध्याकाळ आठ-दहा वेळा, दमली तर थांबून.

बाकी ओट्याशी होतं. दूध तापेपर्यंत ओट्याला धरून टाचा उचलायच्या. भिंतीवर तळवे टेकून उभ्याने जोर काढायचे. लिटरच्या दोन बाटल्या भरल्या की एकेक किलोची वजनं झाली, ती कोपरातून वर-खाली. उचलताना श्वास सोडायचा, कोंडून धरायचा नाही. सुरुवातीला एक-दोन दिवसांनी मांड्या भरून येतील, दुखतील, ते दुखणं चालेल. भोकांच्या जागी ओढ बसली, फुगवटा आला तर मात्र थांबून दाखवायचं. आणि एका पायाची पोटरी सुजली, दुखली, धाप लागली, छातीत दुखलं, छातीत धडधड थांबेना, तर व्यायाम वगैरे विसरून थेट हॉस्पिटल, माझ्या फोनची वाट बघायची नाही.

हे सगळं करून खाण्यात प्रथिनं नसतील तर स्नायू बांधायचे कशाने? डाएटिशियनने दिवसाला ६० ग्रॅम सांगितलेत. वाटीभर वरणात जेमतेम पाच-सहा ग्रॅम असतात, एका अंड्यात सहा, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. तुझ्या वाटीभर पोटात हे बसवायचं तर आधी पनीर, अंडं, दही, उसळ, आणि जागा उरली तर भाकरीचा तुकडा. तू उलटं करतेस, आधी भाकरी. प्रोटीन पावडरचा वास आवडत नाही हे ऐकलं, पण ती ताकात घालून बघ, दुधात जास्त उग्र लागते. कॅल्शियम आणि बी १२ सोडू नकोस. वजन भराभर उतरताना हाडंही विरळ होतात, आणि हाडांना गोळीइतकाच अंगावर पेललेला भारही लागतो. केसांचं फार मनाला लावून घेऊ नकोस, ऑपरेशननंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ते बऱ्याच जणांचे गळतात, प्रथिनं-लोह नीट असलं की पुन्हा येतात.

बाबा, आता तुमची यादी. बादली आईची. पहिले पंधरा दिवस अर्धी, दोन खेपा झाल्या तरी चालतील, तुम्ही मागून रिकाम्या हाताने चढा. भाजीच्या दोन पिशव्या, एक तिची. सोफ्यावरून उठताना हात द्यायचा नाही. शेजारी उभे राहा, पण हात खिशात. हे तुम्हाला सगळ्यात अवघड जाणार, मला माहीत आहे. रिमोट ज्याचा त्याने घ्यावा. आणि पूजेची ती खुर्ची महिनाभराने हळूहळू काढू या. आधी पाटावर उशी, बाजूला स्टूल धरायला. घरात कधी पाय घसरून पडलीच तर स्वतःहून उठता यायला हवं, आणि तुम्ही नेमके दूध आणायला गेलेले असाल.

गडाचं बोलणं झालं होतं ना? आई म्हणाली चैत्रात सप्तशृंगीला पायऱ्या चढून जायचंय, बाबा म्हणाले ट्रॉली कशाला केलीय मग. दोघांचंही करू. चढताना पायऱ्या, उतरताना ट्रॉली, कारण गुडघ्याला ताण उतरतानाच जास्त. त्याआधी सवय म्हणून पांडवलेणी, घरापासून लांब नाही. अर्ध्यापर्यंत जा, बसा, परत या. तिथली पहिली लेणी कोरली त्याला दोन हजारांहून जास्त वर्षं झाली, ती वर पोचेपर्यंत कुठे जात नाहीत.

व्यायामाचे रबरी पट्टे कुरिअरने पाठवलेत, दोन-तीन दिवसांत येतील. पिवळा सगळ्यात हलका, तो आईचा. हिरवा तुमचा. ते पट्टे बाटल्यांना किंवा गच्चीतल्या दोरीला बांधायला घेऊ नका, बाबा. कसे वापरायचे ते रविवारी व्हिडिओ कॉलवर दाखवते, आणि त्याआधी दोघांचेही खुर्चीचे आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवा. खरे लिहा.

तुमची,
मीनू

ता. क. आईचा गुडघा दुखला की फ्रिजवरच्या डब्यातली ती दुखण्याची गोळी देता ना, ती यापुढे सर्जनना विचारल्याशिवाय नको. अशा गोळ्यांनी या ऑपरेशननंतर जठरात व्रण होऊ शकतात. डबा तुमच्या कपाटात ठेवा.